भांगेच्या काडीची भिंत किती टिकेल?



कामगार चळवळीतल्या माणसाने घरबांधणीच्या मालावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु ज्यांच्यात आयुष्य घालवले त्या कामगारांचे प्रश्न मुख्यतः दोनच: पगार आणि घर. पगाराचा करार काही वर्षांनी पुन्हा करता येतो. घर एकदाच होते आणि त्याचे कर्ज वीस वीस वर्षे फेडावे लागते. म्हणून नवा माल कोणी पुढे आणला, की आमचा पहिला सवाल ठरलेला: हा टिकणार किती?

आजचा माल आहे हेम्पक्रीट. नाव अवघड, वस्तू सोपी. भांगेच्या झाडाचा धागा सोलून घेतला की आत हलकी, लाकडासारखी काडी उरते. ताग सोलल्यावर आपल्याकडे सणकाड्या उरतात, तशीच. तिचे बारीक तुकडे चुन्यात व पाण्यात कालवून साच्यात हलक्या हाताने दाबावयाचे, की झाली भिंत. नशेची भीती नको. या कामासाठी त्याच झाडाचे नशा न आणणारे वाण लावतात. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातही धागा आणि बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडात 2018 साली तसा परवाना दिला गेला.

याचा एवढा गवगवा कशासाठी? माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन वायू हवेत जातो, त्यातला शेकडा सात-आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा. इकडे झाड वाढताना तोच वायू शोषते आणि काडीबरोबर तो भिंतीत कोंडला जातो. चुना भाजतानाही वायू सुटतो, हे लपविण्यात अर्थ नाही. पण भिंतीत घट्ट होताना चुना त्यातला बराच वायू परत घेतो.

आता टिकाऊपणाकडे वळू. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांग मिसळलेली आहे, असे 2016 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवून दिले. त्या गिलाव्याला कीड लागलेली नाही. अजिंठ्यात, जिथे भांग नव्हती, तिथे किडीने चित्रांची मोठी हानी केली. हा दाखला मोलाचा आहे. पण गिलावा म्हणजे भिंत नव्हे, आणि डोंगराच्या पोटातले लेणे म्हणजे पावसात उभे असलेले घर नव्हे. हेम्पक्रीटची आजची रीत फ्रान्समध्ये नोझाँ-स्यूर-सेन या गावी 1986 च्या सुमारास एका जुन्या लाकडी सांगाड्याच्या घराची दुरुस्ती करताना सुरू झाली. म्हणजे वय जेमतेम चाळीस. तेव्हा कोणी सहाशे-आठशे वर्षांची हमी देऊ लागला, तर त्याला नम्रपणे विचारावे, की बाबा, मोजली कोणी?

मग भरवसा कशावर ठेवावा? चुन्याच्या गुणावर. चुन्याच्या दाहक गुणामुळे काडीला बुरशी आणि कीड सहजासहजी लागत नाही. आणि एक गंमत पाहा. हवेतला जो कार्बन वायू चुन्याला वर्षानुवर्षे अधिक घट्ट करतो, तोच वायू काँक्रीटमध्ये मुरला की आतल्या सळईचे संरक्षण नाहीसे होते. मग ओलीने सळई गंजते, फुगते आणि पोपडा खाली येतो. छताच्या उघड्या पडलेल्या गंजक्या सळया आपल्या चाळींत कोणी पाहिल्या नाहीत? तेव्हा सिमेंट अमर आणि चुना दुबळा, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

तथापि दुसरी बाजूही ऐकावी. ही भिंत भार घेत नाही. तिची ताकद साध्या काँक्रीटच्या विसाव्या हिश्श्याएवढीही नसते. छपराचे ओझे लाकडाच्या किंवा दुसऱ्या सांगाड्यावर टाकावे लागते. तिचा खरा वैरी पाणी. जोते उंच हवे, वळचण बाहेर आलेली हवी आणि गिलावा चुन्याचाच हवा. वरून सिमेंटचा लेप थापला तर आतली ओल आतच कोंडते आणि काडी कुजते. भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात. कोकणासारख्या दमट मुलखात तर अधिकच.

आणि इथेच माझा विषय येतो. सुकण्याचे आठवडे कोण देणार? ठेकेदाराला बिलाची घाई, गवंडी रोजंदारीवर. घाईने गिलावा झाला की दोन पावसाळ्यांत भिंत काळी पडेल आणि लोक म्हणतील, माल वाईट. बंधूंनो, टिकाऊपणा निम्मा मालात असतो, निम्मा कामात. म्हणून ज्या गृहनिर्माण संस्थेला अशी घरे बांधावयाची असतील तिने सुकण्याची मुदत करारात लिहून घ्यावी आणि त्या मुदतीत गवंड्याच्या हाताला दुसरे काम राहील असे पाहावे. चुन्याचे काम आज फार थोड्यांना येते. ते शिकविण्याचा खर्च घराच्या खर्चात धरावा. चुना डोळे जाळतो, हात फोडतो. चष्मा आणि हातमोजे फुकट मिळालेच पाहिजेत.

ज्याच्या हाताची कातडी त्या भिंतीत गेली, त्याला भिंतीचे आयुष्य ठाऊक असते. त्याला विचारून बांधा.