फर्स्ट शिफ्टची बस

आज जरा घरचंच सांगतो.

आमचे अण्णा चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले. गेल्या वर्षी मोशीच्या घरी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या रात्री चार वाजता उठून बसले. "फर्स्ट शिफ्टची बस येईल, माझा डबा कुठंय?" सलाईन उपटायला लागले. मी ओरडलो त्यांच्यावर. आई रडत म्हणाली, "भुलीनं डोकं फिरलं यांचं."

याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही. ऑपरेशननंतर मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा दिसणारा. मला वाटायचं, पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन दिलं असतं तर टळलं असतं. पण २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातला 'रीगेन' अभ्यास आला, खुबा मोडलेल्या १६०० पेशंटचा. भूल कुठलीही द्या, डिलिरियम दोन्हीकडे साधारण २० टक्के!

मग उपयोग कशाचा होतो? दुखणं आटोक्यात ठेवणं, रात्रीची झोप, लवकर उठवून चालवणं. आणि चष्मा, कानाचं मशीन! अण्णांची ही दोन्ही आम्ही 'हरवतील' म्हणून घरी ठेवली होती. घ्या.

तुमच्याकडे असं झालं तर लगेच नर्सला सांगा. मागे इन्फेक्शन, लघवी तुंबणं असंही असू शकतं.

सकाळी चष्मा, मशीन लावलं, पडदा सरकवला. "अण्णा, मी आहे. आज मंगळवार." दर तासाला तेच. गुरुवारी त्यांनीच विचारलं, "तू कामावर नाही गेलास?"