लहान लेथवर आटे पाडणे



या व्यासपीठावर विद्वान येतात. माझी शाळा म्हणजे कारखान्याचे दार. म्हणून मी नटबोल्टांविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण पेरणीयंत्राचा एक बोल्ट तुटला आणि त्या मापाचा खामगावात मिळाला नाही, तर अकोल्याची एसटी धरावी लागते. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

बाजारात छंदासाठी म्हणून लहान लेथ मिळतात. त्यांतल्या काहींवर कातकाम होते, आटे पडत नाहीत. कारण सरळ आहे. आटे पाडायचे तर कामाचा एक फेरा होताना हत्यार नेमके ठरल्याइतकेच सरकले पाहिजे. हाताने ते साधत नाही. त्यासाठी कामाचा दांडा आणि लीड स्क्रू दात्यांच्या चाकांनी जोडावे लागतात.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. लीड स्क्रूचा आटा २ मिलिमीटरचा आणि आपल्याला १ चा हवा, तर दांड्यावर २० दात्यांचे आणि स्क्रूवर ४० दात्यांचे चाक बसवा. मधले चाक प्रमाण बदलत नाही, फक्त दिशा बदलते. ते खाच पाडलेल्या पट्टीवर बसवले की मागेपुढे सरकवता येते. स्क्रू इंची असेल तर १२७ दात्यांचे चाक लागते, कारण इंच २५.४ मिलिमीटरचा आणि त्याची पाचपट १२७. इंचाला ८ आट्यांच्या स्क्रूवर १२७ आणि दांड्यावर ६० दाते लावले, की १० मिलिमीटर बोल्टाचा दीड मिलिमीटरचा आटा मिळतो.

मोटरीने घाई करू नका. दांड्याच्या मागल्या टोकाला हाताचा दांडू बसवा. हत्यार ६० अंशांना घासा. जुन्या व्हिटवर्थ बोल्टाला ५५ अंश. थोडे थोडे कापत सुमारे ०.९२ मिलिमीटर खोल जा. प्रत्येक वेळी हत्यार बाहेर काढून दांडू उलटा फिरवा. जोड मध्येच सोडलात तर आटा चुकेल. आणि चाकांवर झाकण हवेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा सक्तीचा केला होता. दुकान लहान असले म्हणून बोटे स्वस्त होत नाहीत.

हे यंत्र पक्के रूढ करणारा हेन्री मॉडस्ले हा लंडनचा कारागीर. जोसेफ ब्रामा याच्या कुलुपांच्या कारखान्यात तो आठवड्याला ३० शिलिंगांवर प्रमुख होता. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान काढले. त्यापूर्वी बहुधा एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसत नसे. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे माप ठरवून मांडले. मालकाने ज्या हाताची किंमत केली नाही, त्या हाताने साऱ्या जगाला मापाची शिस्त लावली.

संघटनेत मी एवढेच शिकलो, की मजुरी मागायला एकी लागते आणि मागणीला वजन यायला हुन्नर लागतो. ज्याला फक्त चाक फिरवता येते त्याला दुसरा माणूस सहज बदलतो. ज्याला चाकाचे दाते काढता येतात त्याला बदलणे अवघड. हा हिशेब उस्तादाच्या डोक्यात कोंडून ठेवण्याचा नाही. सातवीतल्या मुलालाही तो समजतो. आपल्या दुकानांतल्या पोरांना पान्याबरोबर पाटीही द्या, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.