विषारी वायूला पाण्यात पकडताना
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात दिलेले भाषण)



मी या गावची माहेरवाशीण. लहानपणी याच अंगणात हळदीकुंकवाला आईबरोबर येत असे. तिथेच आज मला बोलायला उभे केलेत, याचा आनंद आहे आणि थोडा संकोचही आहे. माझा व्यवसाय रासायनिक अभियंत्याचा. "तू तिकडे करतेस तरी काय?" असे काकू नेहमी विचारतात. आज त्याचे उत्तर देते.

अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या रुग्णालयात आपल्याला इंजेक्शन देतात तेव्हा सुई निर्जंतुक असावी लागते. लोखंडी हत्यारे 121 अंशांच्या वाफेत ठेवून निर्जंतुक करता येतात. परंतु प्लॅस्टिकच्या कित्येक नळ्या त्या वाफेत वाकतात. त्यांच्यासाठी इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू वापरतात. तो पुडक्याच्या कागदातून आत शिरतो आणि जंतूंच्या पेशींतील द्रव्यांना चिकटून त्यांना मारतो.

पण पेशी आपल्यालाही आहेत! हा वायू माणसांत कर्करोग निर्माण करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 साली दिला. फिनलंडमधील रुग्णालयांत निर्जंतुकीकरणाचे काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण वाढलेले आढळले, ते 1982 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे रोग्याला वाचवणारी वस्तू तयार करताना ती करणारी बाई आजारी पडायची, असा हा पेच आहे.

तो सोडवायचा कसा? उन्हाळ्यात आपण दाराला वाळ्याचा ओला पडदा लावतो. वारा त्यातून येताना धूळ पाण्यात अडकते. आमचा मनोराही तसाच. वरून पाणी झिरपते, खालून वायू चढतो. मात्र नुसत्या पाण्यात तो विरघळतो आणि पुन्हा निसटतो. म्हणून पाण्यात गंधकाचे सौम्य आम्ल घालतात. मग त्याचे ग्लायकॉल बनते आणि तो परत वायू होत नाही. उरलेला थोडा वायू तापलेल्या उत्प्रेरकावरून नेला की त्याचा कर्बद्विप्राणिद वायू आणि पाण्याची वाफ होते.

एका कारखान्यात मी गेले होते. पुडकी बांधणाऱ्या एका बाईने डोके दुखते, मळमळते अशी तक्रार केली. साहेब म्हणाले, "वास तर येत नाही!" पण याचा वास येतो तो दहा लाख भागांत शेकडो भाग झाल्यावर, अमेरिकेत 1984 सालापासून कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा आहे एका भागाची. मोजून पाहिले, तर मनोऱ्यातील आम्ल केव्हाच फिके पडलेले आणि धुराडे बायकांच्या खिडकीजवळ. आम्ल रोज तपासायचे ठरले, धुराडे उंच केले. मी शोध काहीच लावला नाही. त्या बाईचे म्हणणे खरे मानले, एवढेच.

दुसरी गोष्ट मुरण्याची. लोणच्याचा वास डब्याला राहतो, तसा हा वायू प्लॅस्टिकमध्ये राहतो. म्हणून माल उबदार, वाहत्या हवेत बराच वेळ ठेवावा लागतो. घाई केली तर तो वायू रोग्यापर्यंत पोचतो.

हा वायू आपल्या स्वयंपाकघराशीही निगडित आहे. 2020 साली युरोपात गेलेल्या भारतीय तिळात तो सापडला आणि माल परत आला. तिथे अन्नासाठी त्याच्या वापराला बंदी आहे. मसाल्यांसाठी वाफेचा मार्ग आहे. वैद्यकीय वस्तूंसाठी मुंबईत ट्रॉम्बे येथे 1974 साली कोबाल्टच्या किरणांनी निर्जंतुक करणारे केंद्र निघाले. तेथे वायूच नको. तथापि सर्वच वस्तूंना किरण मानवत नाहीत. म्हणून वायूचे काम अजून राहिले आहे आणि माझेही.

भगिनींनो, आपल्या मुली परिचारिका होतील, कारखान्यात जातील. त्यांना एवढे शिकवा की वास आला नाही म्हणजे हवा शुद्ध, असे नव्हे. डोके दुखले तर सांगावे, मोजमाप मागावे. आणि एखादी मुलगी रसायनशास्त्रात रमत असेल, तर तिला पुढे शिकू द्या.