मोबाईलमधली बाई कुणी काढली?

चुलीवर काही असेल तर जाळ जरा कमी करा आणि रेडिओचा आवाज वाढवा. मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही घरातलाच. आपल्या घरात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये गेम आहे आणि त्या गेममध्ये एक बाई आहे. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, या बायांना दुसरं काम नाही का? पण बघा, गावात कुणी नवीन माणसं राहायला आली तर चार दिवसांत आपण त्यांची सगळी माहिती काढतो. कुठली, कोणाची, काय करतात. आणि ही बाई तर रोज तास-दोन तास आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे असते. तिची चौकशी करायला नको?

म्हणून या सुट्टीत आमच्या कार्यक्रम गटातल्या आम्ही पाच जणी पोरांच्या शेजारी बसलो. हातात शेंगा सोलायला घेतल्या होत्या, म्हणजे पोरांना वाटायला नको की आई पहाऱ्यावर आहे. ओरडायचं नाही, फक्त विचारायचं, असं ठरवलं होतं. ही कोण? ही काय करते? हिनं असे कपडे का घातलेत? पोरं आधी लाजली, मग खुलली. एकदा खुलल्यावर थांबेनात. त्यांनी सांगितलेलं आणि आम्ही नंतर वाचून काढलेलं, असं दोन्ही आज सांगतो.

गेममधल्या बाईची कुळकथा आपल्या वयाची आहे. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं ‘डाँकी काँग’ नावाचा गेम काढला. एक भलंमोठं माकड एका बाईला उचलून वर नेतं आणि एक ठेंगणा गडी शिड्या चढत, अंगावर येणारी पिंपं चुकवत तिला सोडवायला जातो. हाच गडी पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तो राजकन्येला सोडवायला निघतो. एक किल्ला जिंकला की कळतं, राजकन्या इथे नाही, दुसऱ्याच किल्ल्यात आहे. मग दुसरा, मग तिसरा. तोवर राजकन्या काय करते? काही नाही. वाट बघते.

आता पळवून नेलेली बाई आणि तिला सोडवायला निघालेला पुरुष, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून सीतेला बोलतं केलं. त्यांच्या ओव्यांमध्ये तिचा वनवास आहे, तिचं बाळंतपण आहे, रामाला विचारलेला जाबही आहे. गेममधली राजकन्या म्हणजे नुसतं बक्षीस. कुस्तीच्या फडात गदा ठेवतात ना मधोमध, तशी.

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. २०१३ साली अमेरिकेत गेम बनवणाऱ्या एका बापाची तीन वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर हा माकडाचा जुना गेम खेळत होती. तिनं विचारलं, मला ती बाई होऊन मारिओला सोडवता येईल का? गेममध्ये तशी सोयच नव्हती. तो बाप रात्री बसला आणि त्यानं गेमच्या आतली चित्रं आणि आकडे बदलले. सकाळी माकडानं मारिओला धरलं होतं आणि बाई शिड्या चढत होती. म्हणजे गेम काही वरून पडलेला नाही. माणसांनी बसून बनवलाय आणि माणसांना तो बदलता येतो.

बरं, सगळ्याच गेमांमध्ये बाई वाट बघत बसते असं नाही. १९९६ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीनं ‘टूम रेडर’ आणला. त्यात लारा क्रॉफ्ट नावाची बाई जुनी थडगी, गुहा, देवळं धुंडाळते. उड्या मारते, पोहते, बंदूक चालवते. कुणी सोडवायला यायची तिला गरज नाही. मग अडलं कुठे? तिच्या अंगावर. कंबर मुठीत मावेल एवढी, छाती भलतीच मोठी, अंगावर आखूड चड्डी आणि घट्ट बनियन. आणि जाहिराती अशा, की ही बाई काय शोधते हे राहिलं बाजूला, तिचं अंगच पुढे. पुढे २०१३ साली तोच गेम नव्यानं आला तेव्हा त्याची कथा लिहिणाऱ्यांत रिआना प्रॅचेट ही बाई मुख्य होती. त्यातल्या लाराला लांब विजार आहे, अंगाला चिखल आहे, पडली की खरचटतं, थकते, घाबरतेही. तरीही पुढे जाते. लोकांनी तो गेम उचलून धरला. तेव्हा ‘लोकांना उघडीच बाई लागते’ हे म्हणणं काही आम्हाला पटत नाही.

पोरं खेळत होती त्या लढाईच्या गेममध्ये आम्ही काय बघितलं, सांगतो. पुरुष गड्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत. शेजारी उभी असलेल्या बाईला चिलखत म्हणजे लोखंडी वाट्या दोन आणि खाली चिंधी. आमच्यातली एक जण बोलून गेली, "का गं, गोळी काय हिला बघून लाजून परत जाते?" पोरं एवढी हसली की खेळ हरली.

हसण्यावारी नका नेऊ. कामाच्या बाईला कपडा कसा लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ऊस तोडायला जाणारी बाई साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालते, पात्यानं हात कापू नये म्हणून. लावणीला उभी राहणारी कासोटा घालून लुगडं वर खोचते. आपला कपडा कामातून आलाय. त्या चित्रातल्या बाईचा कपडा बघणाऱ्याच्या डोळ्यांतून आलाय. ती लढायला उभीच नाहीये, दाखवायला उभी केलीय. आणि तिचा प्रत्येक नवा पोशाख विकत मिळतो. पोरं त्याला ‘स्किन’ म्हणतात. स्किन म्हणजे कातडी. गेममधले हिरे खरे पैसे भरून घ्यायचे आणि त्या हिऱ्यांवर बाईची नवी कातडी घ्यायची. एका गटातल्या ताईंच्या खात्यातून असे पैसे गेले तेव्हा त्यांना हा सगळा व्यवहार कळला.

आता कॉमिक्सकडे येऊ. इथे आम्हाला भेटली गेल सिमोन. अमेरिकेतली ही बाई केस कापण्याचं काम करायची, आपल्या ब्यूटी पार्लरवाल्या ताईंसारखं. कॉमिक्स वाचायची भारी आवड. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’ नावाच्या कॉमिकमध्ये एक प्रसंग आला. नायक घरी येतो आणि बघतो तर त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं. कशासाठी? तर नायकाला राग यावा आणि त्यानं सूड घ्यावा म्हणून. गेलच्या मनात आलं, हे एकाच ठिकाणी नाही. तिनं यादी करायला घेतली. कुठली बाई मारली गेली, कुणाला लुळं केलं, कुणावर अत्याचार झाला, कुणाची शक्ती काढून घेतली. यादी लांबतच गेली. १९९९ साली तिनं ती सगळ्यांपुढे ठेवली, नाव दिलं ‘फ्रिजमधल्या बायका’, आणि लिहिणाऱ्यांना थेट विचारलं की असं का होतं? काहींनी उत्तरं दिली, काही चिडले. पुढे काय झालं माहितीये? तीच बाई कॉमिक्स लिहायला लागली आणि २००७ पासून ‘वंडर वुमन’ या अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या नायिकेच्या गोष्टी तिनं लिहिल्या.

ही फ्रिजची गोष्ट ऐकून आम्हाला आपले सिनेमे आठवले. बहिणीवर संकट आलं की भाऊ उठणार, मग तीन तास मारामारी. बहिणीचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी ती उठली का, जेवली का, कुणाशी बोलली का? ते कुणी दाखवत नाही. तिचं दुःख म्हणजे दुसऱ्याची काडेपेटी.

आपल्याकडच्या चित्रकथांचंही बोलायला हवं. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी शाळेत किंवा वाचनालयात अमर चित्र कथा वाचल्या असतील. अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका सुरू केली. त्यात झाशीची राणी आहे, चांदबिबी आहे, अहिल्याबाई होळकर आहेत. घोड्यावर बसलेली, दरबारात न्याय देणारी बाई आम्हाला पहिल्यांदा तिथे दिसली, हे उपकार आहेतच. पण त्याच मालिकेतल्या पुराणातल्या बायका बघा. अंगानं सगळ्या एका साच्यातल्या, सगळ्या गोऱ्या, कमरेत बारीक. काळीसावळी रंगवली की बहुतेक वेळा ती राक्षसीण. आणि प्राण यांच्या चाचा चौधरींच्या घरात चाचीच्या हातात लाटणं. चाचाचं डोकं कॉम्प्युटरपेक्षा जोरात चालतं, चाचीचं चालतं ते लाटणं. विनोद म्हणून ठीक आहे. पण पन्नास वर्षं तोच विनोद?

याच्या उलटही घडलंय. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जे झालं, त्यानंतर राम देवीनेनी यांनी ‘प्रियाज शक्ती’ नावाचं कॉमिक काढलं, २०१४ साली. त्यातली प्रिया खेड्यातली मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो आणि घरचेच तिला दोष देतात. ती रानात जाते, जो वाघ तिच्या मागे लागलाय त्याच्याच पाठीवर बसते आणि गावात परत येते. सूड घ्यायला नाही, बोलायला. २०१६ च्या दुसऱ्या भागात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका आहेत. त्यांचे चेहरे झाकलेले नाहीत. पार्वतीदेवी यात मदतीला येते, ते काही जणींना आवडेल, काहींना वाटेल की देवीशिवाय मुलीचं चालत नाही का? आमच्यातही यावर दोन पक्ष पडले.

आणि आपल्या पुण्यात बनलेला एक गेम आहे, ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं तो २०२० साली काढला. कंपनी सुरू करणाऱ्यांमध्ये श्रुती घोष ही बाई आहे. राजी सर्कशीत कसरती करणारी पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. मारिओची गोष्ट अगदी उलटी केलेली! धाकट्या भावाला कडेवर घेऊन मोठ्या झालेल्या आपल्या पोरींना ही राजी ओळखीची वाटेल.

आता जरा जड बोलायचंय. आमच्यातल्या एकीची भाची दहावीत आहे. ती गेम चांगला खेळते, पण मुलाच्या नावानं, आणि माईक बंद ठेवून. विचारलं तर म्हणाली, "आवाज ऐकला की मुलगी आहे हे कळतं, मग घाण बोलतात. कुठं राहतेस, फोटो पाठव म्हणतात." तिनं आईला हे सांगितलं नव्हतं. का? तर आई मोबाईल काढून घेईल.

इथे आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण खरंच तसंच होतं. गेम वाईट, म्हणून मोबाईल काढून घ्यायचा, पण कुणाचा? पोरीचा. पोरगा तोच गेम खेळत राहतो, त्याच बाईकडे बघत राहतो, आणि माईकवर घाण बोलणारा कदाचित तोच असतो. पोरीचा मोबाईल जातो तेव्हा तिचा अभ्यास जातो, अर्ज भरायचे जातात, मैत्रिणी जातात. तेव्हा आमचं स्पष्ट म्हणणं आहे, बोलायचं ते आधी पोराशी. पोरीला एवढंच सांगायचं की असं काही झालं तर सांग, मोबाईल तुझ्याकडेच राहील. आणि दिलेला शब्द पाळायचा. असं बोलणाऱ्याला गेममध्येच ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ करता येतं. धमकी आली, फोटो मागितला, तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर किंवा पोलिसांत विचारायचं. एकटीनं नाही, गटातल्या दोघी बरोबर घ्यायच्या.

आता शेवटचं. ही चित्रातली बाई आपण का काढू नये? मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या दुर्गाबाई व्याम लहानपणी भिंतीवर आणि जमिनीवर सणासुदीचं ‘डिगना’ काढायला शिकल्या, आपल्या रांगोळीसारखं. त्यांनी आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावरच्या ‘भीमायन’ या पुस्तकाची सगळी चित्रं काढली. २०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. आणि वर्ल्ड कॉमिक्स इंडियाचे शरद शर्मा गेली कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतल्या लोकांना चार चौकटींचं भित्तिकॉमिक शिकवतात. काळ्या पेनानं काढायचं, झेरॉक्स करायची आणि पारावर, दुकानावर, शाळेच्या भिंतीवर चिकटवायचं.

तेच आपण करणार आहोत. पुढच्या मासिक बैठकीला येताना दोन कोरे कागद आणि काळा पेन आणा. कागद जोडायचे, चार चौकटी पाडायच्या. पहिल्या चौकटीत बाई कुठे आहे, दुसरीत अडचण काय, तिसरीत ती काय करते, चौथीत पुढे काय होतं. अट एकच, तिसऱ्या चौकटीत जे काही होईल ते बाईनंच केलं पाहिजे. चित्र येत नसेल तर काड्यांची माणसं चालतील. लिहिता येत नसेल तर सांगा, शेजारची लिहील. पोरींना घेऊन या, पोरांनाही आणा. आलेली पानं रेडिओ केंद्राच्या भिंतीवर लावू आणि त्यांतली गोष्ट दर बुधवारी एक याप्रमाणे वाचून दाखवू. नाव पानाच्या मागच्या बाजूला लिहा, आणि नाव सांगायचं नसेल तर नुसतं गटाचं लिहा.