खात्यांत आहेत, हातांत नाहींत

पूर्वीं कोणी परगांवीं निघालें म्हणजे घरांतील वडील माणसें त्याला पैसे दोन ठिकाणीं ठेवावयास सांगत. थोडे वरच्या खिशांत आणि बाकीचे आंतल्या बंडीच्या चोरखिशांत. एक खिसा कापला गेला तर दुसरा हाताशीं असावा, एवढाच त्यांतला हेतु. आजच्या प्रवाशाच्या खिशांत नोटांच्या जागीं एक कार्ड असतें, आणि त्यामुळें त्याला खिसेकापूचें फारसें भय वाटत नाहीं. परंतु खिसा न कापला जातां, चोरी न होतां, कांहींएक खरेदी न करतां, माणूस परक्या शहरांत रात्रीं रिकाम्या हातानें उभा राहूं शकतो. तें कसें, हें सांगण्यासाठीं आज मी आपल्यापुढें आलों आहें.

गोष्ट माझीच आहे. २०२३ च्या मे महिन्यांत मुलीच्या पदवीदान समारंभासाठीं मी व माझी पत्नी शिकागोस गेलों होतों. निघण्यापूर्वीं मीं बँकेंतून प्रवासी कार्ड घेतलें आणि त्यांत १,५०० डॉलर भरले. शिकागोच्या हॉटेलांत तीन रात्रींसाठीं खोली ठरविली होती. आम्ही पोंचतांच तेथील कारकुनानें हंसतमुखानें कार्ड मागितलें, यंत्रांत घातलें आणि परत दिलें. "पैसे घेतलेले नाहींत, फक्त होल्ड ठेवला आहे," असें तो म्हणाला. होल्ड म्हणजे काय, किती रकमेचा आणि किती दिवसांचा, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर सुचलें असतें तरी संकोचामुळें मीं विचारलें नसतें.

निघण्याच्या दिवशीं बिल झालें ६३० डॉलरांचें. मुलगी हट्टाला पेटली. "बाबा, शिकत असतां काम करून मिळविलेले हे पैसे आहेत, बिल मीच देणार," असें म्हणून तिनें आपलें कार्ड पुढें केलें. मुलीच्या कमाईचा पाहुणचार कोणत्या बापाला गोड लागत नाहीं? किरकोळ खर्च १४० डॉलर झाला होता. तेव्हां आपल्या कार्डावर अजून १,३६० डॉलर आहेत, असा हिशेब मनाशीं करून मी विमानांत बसलों.

रात्रीं अकराच्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॉटेलांत माझें कार्ड नाकारण्यांत आलें. एकदां नाकारलें, पुन्हां लावलें, पुन्हां नाकारलें. मागें रांगेंत माणसें उभीं होतीं. पत्नी थकून सामानावर टेकली होती. त्या हॉटेलाला ८०० डॉलर अडवून ठेवावयाचे होते. मीं फोनवर कार्डाची शिल्लक पाहिली, तों ती ४३० डॉलर! शिकागोच्या हॉटेलानें खोलीचें भाडें व कर मिळून ६३०, आणि दर रात्रीं १०० प्रमाणें वरखर्चाचे ३००, असे ९३० डॉलर पहिल्याच दिवशीं अडविले होते. बिल मुलीनें भरलें, तरी माझे ९३० डॉलर जेथल्या तेथें अडकलेले होते. श्रोतेहो, जन्मभर कोणाचें देणें न बुडविलेला माणूस मी. पण त्या मेजापुढें उभा असतां माझे कान तापले. मी कारकुनाला सांगूं लागलों कीं पैसे आहेत. आणि माझें मलाच तें खोटें वाटूं लागलें.

अखेरीस माझें येथील बचत खात्याचें डेबिट कार्ड कामीं आलें. पण तेंहि लगोलग नव्हे. रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२० मध्यें असा नियम केला कीं नवें कार्ड देतांना तें देशांतल्या व्यवहारापुरतेंच चालूं असावें, आणि परदेशांतील वापर खातेदारानें स्वतः सुरू करावा. नियम सुरक्षिततेचा आहे आणि योग्यहि आहे. पण मीं तो वापर सुरू केला नव्हता. हिंदुस्थानांत तेव्हां सकाळचे साडेआठ वाजले होते. फोनवरून तें सुरू करण्यांत अर्धा तास गेला, आणि तेव्हां कोठें आम्हांला खोलीची किल्ली मिळाली. शिकागोचे पैसे मोकळे झाले ते अठराव्या दिवशीं, आम्ही घरीं परत आल्यावर.

घरीं आल्यावर मीं या प्रकाराची चौकशी केली, आणि मला जें उमगलें तें असें. हॉटेलाचा कारकून कार्ड यंत्राला लावतो तेव्हां तें यंत्र हॉटेलाच्या बँकेस संदेश धाडतें. तेथून तो संदेश व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्याकडील रुपे यांच्यासारख्या जाळ्यांतून, ज्या बँकेनें आपल्याला कार्ड दिलें तिच्याकडे येतो. त्यांत विचारणा एवढीच असते कीं, या खातेदाराच्या नांवें इतकी रक्कम राखून ठेवाल कां? बँक होय म्हणते, एक संमति-क्रमांक देते आणि तेवढी रक्कम बाजूला काढते. हें सारें कांहीं सेकंदांत होतें. पैसे खात्यांतून हालत नाहींत, पण त्या क्षणापासून खात्याला दोन शिलका होतात. एक खात्यांत असलेली, आणि दुसरी आपल्याला खर्च करतां येणारी. पेटी आपल्याच घरांत असते, पण तिला कुलूप दुसऱ्याचें लागलेलें असतें.

निघतांना हॉटेल खरा आंकडा त्याच संमति-क्रमांकासह पाठवितें. मग बँक राखलेली रक्कम आणि आलेलें बिल यांची सांगड घालते, बिलापुरते पैसे देते व उरलेले मोकळे करते. माझ्या बाबतींत बिल दुसऱ्याच कार्डावर गेलें. माझ्या बँकेकडे बिल आलेंच नाहीं, आणि आपली गरज संपल्याचा सुटकेचा संदेशहि हॉटेलानें पाठविला नाहीं. मग ती तरी कुलूप कशाच्या आधारें काढणार? कार्ड-जाळ्यांच्या नियमांप्रमाणें हॉटेलाच्या अशा अंदाजी रकमेची संमति जवळजवळ महिनाभर टिकूं शकते. बँका पुष्कळदां त्याआधींच रक्कम सोडतात. पण किती आधीं, हें ज्या त्या बँकेवर अवलंबून असतें.

हॉटेलवाल्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. ते अनोळखी माणसाला आपल्या घराची किल्ली देतात. तो पहांटे न सांगतां निघून गेला, खोलींतील वस्तु फोडून गेला, किंवा खाणेंपिणें करून पैसे न देतां गेला, तर त्यांनीं कोणाला शोधावें? जुना खानावळवाला अशा वेळीं अनामत मागे, आणि ती त्याच्या गल्ल्यांत पडे. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लबचें कार्ड निघालें, आणि रोकड न देतां पत चालूं लागली. पुढें मोठ्या रकमेसाठीं दुकानदार टेलिफोन करून संमति विचारूं लागले. १९७३ मध्यें, आज व्हिसा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें हें काम संगणकावर आणलें. हॉटेलांतील आजचा होल्ड हा त्या टेलिफोनचाच वंशज होय. त्यामागें लबाडी नाहीं, हें मी मोकळेपणीं मान्य करतों.

मग माझी तक्रार कोणती? ती अशी कीं, या कुलपाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्याच्याजवळ मोठ्या मर्यादेचें क्रेडिट कार्ड आहे, त्याची फक्त उसनवारीची मर्यादा तेवढ्यानें कमी होते. ती बँकेची पत असते. त्याच्या खात्यांतील पैशाला कोणी हात लावीत नाहीं, आणि अडवलेल्या रकमेवर व्याजहि पडत नाहीं. कित्येकांना तर होल्ड आला केव्हां व गेला केव्हां, हें कळतहि नाहीं. पण जो आपल्या घामाचे पैसे खात्यांत ठेवून डेबिट कार्डानें प्रवास करतो, किंवा मोजके पैसे भरलेलें प्रवासी कार्ड घेऊन निघतो, त्याचे खरे पैसे अडकतात. त्या दिवसांत घरचा एखादा हप्ता त्या खात्यांतून जावयाचा असेल, तर तोहि चुकूं शकतो. म्हणजे कर्ज काढून प्रवास करणारा सुखानें झोंपतो, आणि रोखीनें जगणारा मेजापुढें ताटकळतो. पोटाला चिमटा घेऊन मुलांना परदेशीं धाडणाऱ्या आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. आपल्याच देशांतील एक उदाहरण देतों. नव्या शेअरांसाठीं अर्ज करतांना पूर्वीं लोकांचे पैसे आधींच काढून घेतले जात, आणि शेअर न मिळाल्यास परताव्याची वाट पाहावी लागे. २००८ सालीं सेबीनें अशी पद्धत आणली कीं पैसे अर्जदाराच्या खात्यांतच अडवून ठेवावे, तेथें त्यांवर व्याज चालूं राहावें, आणि शेअर मिळाले तरच ते कापावे. १ जानेवारी २०१६ पासून ती सर्वांना सक्तीची झाली. तेथेंहि कुलूपच आहे. पण किती रक्कम अडकली हें अर्जदाराला ठाऊक असतें, कुलूप काढण्याची मुदत ठरलेली असते, आणि उशीर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. असेंच हॉटेलाच्या मेजावर झालें, तर माझी कांहींएक तक्रार राहणार नाहीं.

तोंवर आपणच सावध राहावें. मेजापाशीं तीन प्रश्न विचारावे. किती रक्कम अडवतां? ती केव्हां सोडाल? आणि हा नुसता होल्ड आहे, कीं पैसे वसूल करून मागाहून परत देणार? तिसरा प्रश्न परदेशांत महत्त्वाचा आहे. कारण वसूल करून परत दिलेल्या रकमेंत जातांना एक भाव आणि येतांना दुसरा भाव लागतो, आणि चलन बदलण्याचें शुल्कहि बहुधा परत मिळत नाहीं. जें कार्ड प्रथम दिलें त्याच कार्डानें शेवटचें बिल द्यावें. दुसऱ्या कार्डानें द्यावयाचें झालें, तर पहिल्यावरील अडकलेली रक्कम सोडल्याचा संदेश आपल्यासमोर पाठवावयास सांगावें, आणि अंतिम बिलाची प्रत जवळ ठेवावी. क्रेडिट कार्ड असेल तर होल्डसाठीं तें वापरावें. तें नसेल तर खोलीचें भाडें व कर यांखेरीज वरखर्चाची रक्कम हिशेबांत धरून तितके पैसे बाजूला ठेवावे. माझ्या प्रवासी कार्डाच्या पुस्तिकेंत, हॉटेलाच्या होल्डसाठीं हें कार्ड देऊं नये, असें स्पष्ट छापलें होतें. वाचावयाचें राहिलें तें मीच.

आणि शेवटीं, वडील माणसांचा तो जुना उपदेश विसरूं नये. दुसरा खिसा असावा. फरक इतकाच, कीं आतां तो खिसा निघण्यापूर्वीं घरींच उघडून, चालूं आहे ना, हें पाहून घ्यावें. गेल्या वर्षीं मुलीकडे पुन्हां जावयाचें ठरलें, तेव्हां पत्नीनें सामान बांधण्याआधीं मला बसवून दोन्ही कार्डें तपासावयास लावलीं. शिकागोच्या मेजावर पोंचतांच मीं माझे तीन प्रश्न विचारले. कारकुनानें न रागावतां, न हंसतां तिन्हींचीं उत्तरें दिलीं आणि रकमेचा आंकडा एका कागदावर लिहूनहि दिला. विचारणाऱ्याला सांगण्यांत त्याला कसलीच अडचण नव्हती. आपल्या पैशांविषयीं विचारतांना आपणहि संकोच धरूं नये, एवढें सांगून मी आपला निरोप घेतों.