एका नज्मेचं गाणं होतं तेव्हा...

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मसाला दूध उकळेपर्यंत दहा मिनिटं मला दिलेली आहेत, म्हणजे माझी स्पर्धा कोणाशी आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. बाहेर नेहमीप्रमाणे ढग. इंग्लंडात कोजागिरीचा चंद्र कालनिर्णयमध्येच बघायचा! असो.

गेल्या वर्षी आपल्याच मंडळातल्या एका काका-काकूंच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस झाला. आम्ही तीन-चार हौशी मंडळींनी 'कभी कभी'चं शीर्षकगीत बसवलं होतं, कॅरिओके ट्रॅकवर. सगळे खूश, टाळ्या वगैरे. केक कापून झाल्यावर काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान गायलात रे. पण ती हे गाणं कुणाचं म्हणते, ठाऊक आहे ना?" मी आपला कॉम्प्युटर इंजिनियर, "साहिरचं" म्हणून मोकळा झालो. काकू हसल्या. "घरी जाऊन सिनेमा बघ."

बघितला. आणि ओशाळलो.

सिनेमा यश चोप्रांचा, १९७६ सालचा. अमित हा कवी, म्हणजे अमिताभ, आणि पूजा म्हणजे राखी. दोघांचं प्रेम. तिचे आईवडील तिचं लग्न विजयशी (शशी कपूर) ठरवतात, आणि अमित आईवडिलांना दुखवायचं नाही म्हणून बाजूला होतो, कविताही सोडून देतो. लग्नाच्या पहिल्या रात्री पूजा नवऱ्यासमोर हे गाणं म्हणते. तो कौतुकाने तिचे एकेक दागिने उतरवतोय, तिचे डोळे भरून आलेत, आणि शब्द आहेत अमितचे! आणि हे गाणं आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला, फुगे लावून...

मग मी या गाण्याच्या मागेच लागलो. (बायकोच्या मते एवढा पाठपुरावा मी बॉयलर दुरुस्तीचाही केलेला नाही.)

गाण्याचं मूळ सिनेमाच्या तीस वर्षं आधीचं. साहिर लुधियानवी, मूळ नाव अब्दुल हयी, जन्म १९२१. पंचविशीही ओलांडली नव्हती तेव्हा लाहोरला त्याचा 'तल्खियाँ' हा संग्रह निघाला. तल्खी म्हणजे कडवटपणा. त्यात 'कभी कभी' नावाची नज्म आहे, आणि ती संग्रहाच्या नावाला जागते. त्यात शहनाई नाही की घुंगट नाही. आयुष्य तुझ्या सोबतीत सुखाचं होऊ शकलं असतं, पण झालं नाही, आता नुसतं अंधारात चालणं उरलंय, असा तिचा सूर. भाषाही फारसीच्या वळणाची: 'ज़ीस्त' म्हणजे आयुष्य, 'तीरगी' म्हणजे अंधार. मला प्रत्येक ओळीला शब्दकोश उघडावा लागला.

खय्याम यांनी ती एकदा आधीही बांधली होती. चेतन आनंद यांच्या एका चित्रपटासाठी, गीता दत्त आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात. तो चित्रपट पडद्यावर आलाच नाही. यश चोप्रा मात्र तरुणपणापासून साहिरचे भक्त. त्यांच्या पहिल्या 'धूल का फूल'ची (१९५९) गाणी साहिरचीच. या नज्मेवरूनच त्यांना सिनेमा सुचला. संगीतासाठी त्यांनी खय्यामना घेतलं. त्या काळात ही हिंमतच होती, कारण संगीत उत्तम पण सिनेमा ज्युबिली करत नाही, असा शिक्का खय्यामवर बसला होता. ही हकिगत खय्यामनीच पुढे मुलाखतींत सांगितली आहे.

आता नज्म जशीच्या तशी हिंदी सिनेमात चालणार कशी? साहिरने नवीन गाणं लिहिलं. 'तीरगी' गेली, तारे आले. अंधारातली वाट गेली आणि लग्नघर आलं. खरं सांगतो, पहिल्यांदा दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तेव्हा साहिरचा रागच आला. एवढी धारदार कविता आणि तिला हळद-कुंकू लावून मांडवात उभी केली!

पण आमच्या धंद्यात म्हणतात तसं, त्याने जुन्या फाइलवर नवी फाइल सेव्ह केली नाही. मूळ नज्म सिनेमात आहेच, अमिताभच्या आवाजात, नुसती वाचलेली. आणि गाणंही वाटतं तितकं गोड नाही. शेवटच्या कडव्यात तो सरळ कबूल करतो की ही आता परकी आहे. आम्ही ते कडवं किती हसतमुखाने गायलं होतं, त्याचा व्हिडिओ आहे. कृपया कोणी मागू नका.

अजून एक गोष्ट, जी मला दहाव्यांदा ऐकताना कळली. लताबाई जे गातात ते शब्दही पुरुषाचेच आहेत. क्रियापदंसुद्धा स्त्रीला उद्देशून. म्हणजे पूजा स्वतःच्या रूपाचं वर्णन त्याच्या शब्दांत, त्याच्या बाजूने म्हणतेय! तिचा स्वतःचा असा एक शब्द गाण्यात नाही. हे काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते? आईवडिलांनी ठरवलं, अमितने ठरवलं. तिला विचारलं का कुणी? गाणं म्हणायला मात्र तिला बसवलं." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि बाजूला बसलेले काका एकदम चहा करायला उठले.

या गाण्यासाठी साहिर आणि मुकेश दोघांनाही फिल्मफेअर मिळालं, खय्यामना संगीताचं. पण मुकेश ते घ्यायला नव्हते. लताबाईंबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना २७ ऑगस्ट १९७६ ला डेट्रॉइटमध्ये हृदयविकाराने ते गेले. तुमच्या-आमच्यासारख्याच देश सोडून आलेल्यांना गाणी ऐकवायला ते गेले होते. त्यांचं पार्थिव लताबाईंबरोबर मुंबईला आलं. आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींपैकी एकांनी मला सांगितलं की ती बातमी इथे कळली तेव्हा त्यांनी घरातला रेकॉर्ड प्लेयर दोन दिवस लावला नाही.

तर आज आम्ही हे गाणं पुन्हा गाणार आहोत. काकूंच्या दोन अटी आहेत. शेवटचं कडवं हसत हसत गायचं नाही. आणि गाण्याआधी मूळ नज्म वाचायची. मी वाचायला बसलो होतो, पण माझे उर्दू उच्चार ऐकून काकूंनी कागद काढून घेतला. त्या गेले दोन महिने तयारी करताहेत, नुक्त्यांसकट.

काकू, या. दूधवाले, पाच मिनिटं गॅस बारीक करा.