माळ्यावरचे ग्लोव्ह्ज

आमच्या लोणावळ्यात जून लागला की घरोघरी एक काम वाढतं. कपाटातल्या चपला, पट्टे, पाकिटं बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, परत आत ठेवायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो इथे. चामड्यावर पांढरी बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. माझ्या घरी हे काम जरा जास्तच असतं, कारण माझ्याकडे क्रिकेटचे जुने ग्लोव्ह्ज आहेत. बरेचसे विकेटकीपरचे, थोडे फलंदाजाचे. त्रेचाळीस जोड्या, आणि सहा एकेकटे, ज्यांचा जोडीदार कुठेतरी हरवला.

सुरुवात एका भंगारच्या ढिगातून झाली. खंडाळ्याचा एक जुना बंगला पाडायला काढला होता. मुंबईच्या लोकांनी हवापालटासाठी बांधलेले असे बंगले आमच्याकडे कितीतरी होते. दारं-खिडक्या विकल्या गेल्या, आणि उरलेलं सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. त्यात एका फुटक्या ट्रंकेत कीपिंगचे ग्लोव्ह्ज होते. जाड तपकिरी चामडं, तळव्यावर बारीक पुळ्यांचं रबर, ते वाळून खड्यासारखं झालेलं. मी स्वतः गावच्या संघात यष्टिरक्षण करायचो, म्हणून सवयीनं हात आत घातला. चार बोटं नीट गेली. उजव्या हाताची करंगळी काही सरळ जाईना. मग लक्षात आलं, ज्याचे हे ग्लोव्ह्ज होते त्याची करंगळी मोडून वाकडी जोडली गेली असणार. बराच काळ कीपिंग केलेल्या माणसाचा हात बघा, एखादं बोट तरी वाकडं सापडेलच. तो माणूस कोण हे मला कधीच कळलं नाही, पण त्याचं वाकडं बोट त्या चामड्यात अजून आहे. त्या दिवशी मी ग्लोव्ह्ज जमवायला लागलो.

हा छंद जगात इतरत्र कसा चालतो, हे नंतर वाचलं. अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या ग्लोव्ह्जचे संग्राहक आहेत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली चामड्याची जाळी कशी विणली आहे, यावरून ते ग्लोव्हचा काळ ओळखतात. तशी जाळी १९२० च्या सुमारास बिल डोक नावाच्या गोलंदाजाच्या कल्पनेतून आली. त्याआधीचे बरेचसे ग्लोव्ह्ज नुसते फुगीर हातमोजे होते. मला त्यांच्या खेळातली एक गोष्ट फार आवडते. आपली फलंदाजीची पाळी आली की क्षेत्ररक्षक ग्लोव्ह हातातून काढून तिथेच मैदानावर टाकून यायचे, आणि डाव संपला की जाऊन उचलायचे. १९५४ पासून नियमानं ते बंद झालं. गवतावर पडून राहिलेल्या त्या ग्लोव्ह्जवर ऊन, दव, माती सगळं बसलेलं असायचं. संग्राहक आजही ते डाग पुसत नाहीत.

आपल्याकडे मैदान वेगळं. मावळात भाताची कापणी झाली, खाचरं सुकली की खुंट तुडवून पोरं खेळपट्टी करतात. आंदर मावळात, पवन मावळात, नाणे मावळात मी हे लहानपणापासून पाहत आलोय. मात्र बॉल आता टेनिसचा. याच मावळ तालुक्यात गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मोठं स्टेडियम उभं राहिलं, २० डिसेंबर २०१२ ला तिथे भारत आणि इंग्लंड यांच्यात टी-ट्वेंटी सामना झाला, द्रुतगती मार्गावरून जाताना त्याचे दिवे दिसतात. आणि त्याच दिव्यांच्या आसपासच्या गावांत कीपर उघड्या हातानं उभा असतो, कारण टेनिस बॉलला ग्लोव्ह्ज लागत नाहीत. गावातला वापरलेला, घामानं काळा पडलेला, चामड्याच्या सीझन बॉलचा मार खाल्लेला ग्लोव्ह आता नव्यानं तयार होत नाही. जे काही आहे ते मागच्या पिढीचं, माळ्यावरचं.

मागच्या पिढीत किट सामाईक असायचं. संघाची एकच पिशवी, त्यात पॅडची एखादी-दुसरी जोडी, कीपिंगचे एकच ग्लोव्ह्ज. दोघं फलंदाज एकेक पॅड बांधून उतरलेलेही मी पाहिलेत. त्यामुळे माझ्याकडच्या कामशेतच्या एका जोडीत कुणा एकाचा हात सापडत नाही; अंगठ्याची जागा ऐसपैस, मधलं बोट घट्ट. पाच-सहा कीपरांनी आळीपाळीनं घातलेला तो ग्लोव्ह आहे. माझ्या दृष्टीनं अशी जोडी सहीच्या बॅटपेक्षा मोलाची.

सहीच्या बॅटीला मी कमी लेखत नाही. पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांनी ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय उभं केलं आहे. मोठ्या खेळाडूंच्या बॅटी तिथे जवळून बघता येतात, मुलांना आवर्जून दाखवा. पण नामवंतांच्या वस्तू सांभाळायला कुणी ना कुणी पुढे येतंच. कामशेतच्या किटबॅगेला कोण येणार? दिनकर केळकरांकडे पाहा. चष्म्याचा धंदा करणारा, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागला आणि त्यानं आणलं काय? अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी. वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या आसपास वस्तू सरकारच्या हवाली केल्या. त्यातले बहुतेक अडकित्ते कुणी मोठ्या माणसानं वापरलेले नव्हते. खेळाच्या वस्तूंना अजून त्यांच्यासारखा माणूस मिळायचा आहे.

आता चामड्याबद्दल बोलतो, कारण छंदाचं पुढे काय होणार हे निम्मं चामड्यावरच ठरणार आहे. माझे सगळ्यात जुने ग्लोव्ह्ज, कापूस भरलेले, जाड चामड्याचे, चांगले टिकलेत. सगळ्यात वाईट अवस्था आहे ती ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जोड्यांची. त्यांत स्पंज आला आणि वर कृत्रिम चामडं आलं. त्यातल्या काही प्रकारांना हवेतला दमटपणाच खातो. वीस-तीस वर्षांत वस्तू चिकट होते, मग हातात भुगा येतो. म्हणजे सचिनचं बघून खेळायला लागलेल्या पोरांचे ग्लोव्ह्ज त्यांच्या आजोबांच्या ग्लोव्ह्जच्या आधी संपणार. ते वाचवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. म्हणून मी त्यांचे फोटो आधी काढतो, मापं आधी घेतो.

बाकीच्या ग्लोव्ह्जचं काय करावं? तेल चोपडू नका. खेळणारा माणूस ग्लोव्ह मऊ ठेवायला तेल लावतो ते ठीक, पण जुन्या चामड्यात तेल मुरलं की ते काळवंडतं, धूळ धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच बांधू नका, आत ओल कोंडते. सुती कापडात सैल गुंडाळा, बोटांत साधा कोरा कागद भरा. आमच्याकडे पूर्वी पावसाळ्यात कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहायचं. आता बाजारात झिरोचा बल्ब म्हणून एलईडी मिळतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या तारेच्या बल्बसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो आणि चार घेऊन आलो. हे चार किती पावसाळे पुरतील ते बघायचं.

एक गोष्ट मी सुरुवातीला चुकलो. पहिल्या पाच-सात जोड्या मी नीट करून घेतल्या, उसवलेली शिवण काढून नवी घालून घेतली. नंतर एका जोडीवर नजर थांबली. कारखान्याची शिवण पांढऱ्या दोऱ्याची, आणि अंगठ्यापाशी काळ्या मेणदोऱ्याचे नऊ टाके. ते स्टेशनबाहेर बसणाऱ्या एखाद्या चांभारानं घातलेले असणार. चपलेला घालतात तसेच, घट्ट आणि सरळ. मी पहिल्या जोड्यांतून असे किती हात उसवून टाकले असतील, याची आजही हळहळ वाटते. आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या गोलंदाजांपैकी एक, पळवणकर बाळू, हा चर्मकार समाजातला. पुण्यात वाढला, क्लबच्या मैदानाची निगा राखायच्या कामावर होता, साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करता करता घडला, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. पण सुरुवातीच्या काळात त्याच्याच संघातले लोक चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा देत. चामड्याच्या बॉलचा त्यांना विटाळ नव्हता. ग्लोव्ह हातात घेतला की मला हे आठवतं, आणि म्हणून खेळणाऱ्याइतकंच शिवणाऱ्याचंही काही नोंदवून ठेवावं असं वाटतं.

नोंद म्हणजे साधी दोनशे पानी वही. एका ग्लोव्हला किंवा जोडीला एक पान: कुठे मिळाला, कुणाकडून, टाके कुठे, डाग कुठे, हात केवढा. गेल्या दिवाळीत वडगावचा एक कॉलेजात जाणारा मुलगा फोटो काढायला आला होता. वही चाळता चाळता तो एकतिसाव्या पानावर थांबला. नाव: माहीत नाही. ठिकाण: कामशेत. डाव्या मनगटावर निळ्या शाईत ‘बा’ अक्षर. त्यानं तिथूनच आजोबांना फोन लावला. म्हाताऱ्यांनी पलीकडून विचारलं, “आतल्या बाजूला लाल फ्लॅनेलचा तुकडा हाये का? आमच्या बाईनं लावला व्हता, हात सोलायचा म्हणून.” मी आत बोट घातलं. तुकडा होता. रंग उडालेला, पण लालच.

त्या पानावर मी दोन नावं लिहिली, त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं. एकोणपन्नास पानांपैकी चौदांवर नावाची जागा अजून कोरी आहे. त्यातल्या चार जोड्या तळेगावच्या, तीन कार्ल्याच्या बाजूच्या, एक वाकड्या करंगळीची, खंडाळ्याची. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, मी त्या घेऊन गावोगावच्या शाळांत जाणार आहे. मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारायचं, एवढंच काम त्यांना देणार आहे. तोवर तुमच्या माळ्यावर एखादा ग्लोव्ह असेल तर खाली काढा, उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा, आणि कुणाचा होता ते एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या आत सरकवा.